गरम झाली की बंद पडते: पंप बदलूनही न सुटलेले एक प्रकरण

## पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्या गॅरेजमध्ये आलेल्या एका गाडीचे आहे. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम सांगत नाही, कारण हा दोष कोणत्याही एका मॉडेलचा नाही. दहा वर्षांपेक्षा जुनी छोटी हॅचबॅक, चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, प्रत्येक सिलिंडरला इनटेकमध्ये एक इंजेक्टर आणि चारही प्लगना मिळून एक कॉइल पॅक. क्रँकशाफ्ट किती वेगाने आणि कोणत्या स्थितीत फिरतो आहे हे सांगणारा क्रँक सेन्सर गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगवर, फ्लायव्हीलच्या दात्यांसमोर बसवलेला. सायलेन्सरचा पुढचा पाइप तिथून वीतभर अंतरावरून जातो.

मालकीणबाई गाडी रोज स्वतः चालवतात. त्यांची तक्रार अशी: सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होते, अर्धा तास काही कुरबुर नाही. मग सिग्नलला थांबले किंवा वाहतुकीत रांगत चालले की इंजिन बंद पडते. त्यानंतर सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. वीस-पंचवीस मिनिटे बाजूला उभे राहिले की पुन्हा पहिल्यासारखी सुरू. मोकळ्या हायवेवर मात्र त्रास जवळजवळ नाही.

टेम्परेचरचा काटा कधीच वर गेला नव्हता. रेडिएटरचा पंखा वेळेवर लागत होता. म्हणजे इंजिन जास्त तापत नव्हते. ते नेहमीच्या तापमानाला पोचल्यावर बंद पडत होते. तक्रार ऐकताना या दोन गोष्टींची हमखास गल्लत होते आणि मग थर्मोस्टॅट, कूलंट, वॉटर पंप यांच्या मागे वेळ जातो.

## आमच्याकडे येण्याआधी

गाडी आधी दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये जाऊन आली होती. तिथे तीन कामे झाली होती आणि त्यातले प्रत्येक काम करण्यामागे काहीतरी विचार होता, हे आधी सांगितले पाहिजे.

पहिल्यांदा थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, साफ केली गेली. गार इंजिनाला ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, आयडलिंग (पाय न देता इंजिन फिरण्याचा वेग) वाढवून देतो, हजार-बाराशे आरपीएमपर्यंत. इंजिन गरम झाले की तो आयडल साडेसातशे-आठशेवर आणतो. थ्रॉटलच्या कडेला कार्बन साचलेला असेल तर वाढीव आयडलवर तो जाणवत नाही, कमी आयडलवर हवा अपुरी पडते आणि गाडी सिग्नलला बंद पडते. तक्रारीशी हे चांगले जुळत होते. फरक एकच, की अशी बंद पडलेली गाडी अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून सेल्फ मारला की लगेच सुरू होते. ही होत नव्हती.

दुसऱ्यांदा क्रँक सेन्सर तपासला गेला. मीटर लावून रेझिस्टन्स पाहिला, तो ८८० ओहम आला, कंपनीने दिलेल्या मर्यादेत. सेन्सर चांगला असा शेरा जॉब कार्डावर लिहिला गेला. तपासणी झाली तेव्हा गाडी रात्रभर उभी होती.

तिसऱ्यांदा फ्युएल पंप बदलला गेला. गाडी योगायोगाने वर्कशॉपच्या दारातच बंद पडली होती. मागच्या सीटखाली कान लावून सेल्फ मारला, तर टाकीतल्या पंपाचा आवाजच येईना. पंप चालत नाही, म्हणजे पंप गेला. तापल्यावर जाम होणारे पंप असतातही. नवा पंप बसला आणि त्याच आठवड्यात गाडी पुन्हा रस्त्यात उभी राहिली.

पंप बदलताना बॅटरीची वायर काढली होती. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते बरोबरच, पण तोपर्यंत स्कॅनर लावून ईसीयूत साठलेले दोषांचे कोड कुणी वाचले नव्हते. ते असतील तर त्या क्षणी पुसले गेले.

## अडचण कशात होती

आमच्याकडे गाडी आली तेव्हा ती गार होती आणि व्यवस्थित चालत होती. स्कॅनरवर एकही कोड नाही. प्लग बरे, कॉइल बरी, फ्युएल प्रेशर ३.८ बार. या इंजिनाला साधारण ३.५ ते ४ बार लागते, म्हणजे तेही बरोबर. कागदावर गाडी निर्दोष होती.

गरम झाल्यावर येणाऱ्या दोषाचे हेच वैशिष्ट्य. दोष सध्या अस्तित्वातच नसतो. गार गाडीवर केलेली प्रत्येक तपासणी नेमक्या बिघडलेल्या भागालाही चांगुलपणाचा दाखला देते, आणि तो दाखला जॉब कार्डावर चढला की पुढचा माणूस त्या भागाकडे पाहतच नाही. या गाडीच्या बाबतीत तसेच झाले होते.

कोड नसण्याचेही कारण होते. इंजिन थांबले की क्रँक सेन्सरचा सिग्नल थांबणारच. त्यामुळे सिग्नल अचानक नाहीसा झाला, तर तो दोष आहे की चालकाने गाडी बंद केली, हे अनेक ईसीयूंना त्या क्षणी ठरवता येत नाही. नंतर सेल्फ मारताना कॅम सेन्सरचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल येतो आहे आणि क्रँकचा येत नाही, असे काही काळ दिसले तरच पी ०३३५ हा कोड नोंदवला जातो. एक-दोन छोटे सेल्फ मारून चालक थांबला तर नोंद होईलच असे नाही.

म्हणून आम्ही सुरुवात प्रश्नांनी केली.

"ताई, बंद पडते तेव्हा आचके देते का? की चावी काढल्यासारखी एकदम गप होते?"

"एकदम. मला आधी काही कळतच नाही. स्टिअरिंग जड झालं की लक्षात येतं."

"आणि सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडा तरी हलतो?"

"ते कधी पाहिलं नाही."

पहिल्या उत्तराला आम्ही फार महत्त्व दिले. इंधन कमी पडून बंद होणारे इंजिन सहसा आधी खोकते, आचके देते, अ‍ॅक्सिलरेटरला साथ देत नाही. पाइपातले प्रेशर एका क्षणात शून्य होत नाही, त्यामुळे इंजिनही पायरी पायरीने मरते. एकदम गप होणारे इंजिन बहुतेक वेळा विजेच्या बाजूचा दोष सांगते. हा नियम शंभर टक्के नाही, पण कुठून सुरुवात करायची हे ठरवायला पुरेसा आहे.

स्टिअरिंग जड होणे ही गोष्ट मात्र निदानापुरती नाही. चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले की पॉवर स्टिअरिंगची मदत जाऊ शकते आणि ब्रेक बूस्टरमधली निर्वात पोकळी एक-दोन वेळा पेडल दाबण्यापुरतीच उरते. त्यामुळे दोष सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नका, असे आम्ही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले. लहानसा त्रास आहे, जमेल तसे बघू, अशा तक्रारींत ही बसत नाही.

## गरम झाल्यावर काय काय बिघडू शकते

उष्णतेने बिघडणाऱ्या भागांची यादी लांब आहे. ती आम्ही या गाडीच्या लक्षणांसमोर ठेवून एकेक नाव मागे-पुढे केले.

कॉइलच्या आतले इन्सुलेशन तापल्यावर फुटते आणि स्पार्क जातो, हे खरे. पण या कॉइल पॅकमध्ये दोन वेगळी वाइंडिंग होती, प्रत्येक दोन सिलिंडरना. एक गेले तर इंजिन दोन सिलिंडरवर थडथडत चालेल. दोन्ही एकाच क्षणी जाणे अवघड.

कूलंट टेम्परेचर सेन्सर चुकीचे तापमान सांगत असेल, गरम इंजिनाला गार समजत असेल, तर पेट्रोल जास्त पडते आणि इंजिन भरून बंद होते. हा सेन्सर गार असताना काही हजार ओहम दाखवतो आणि ऐंशी-नव्वद अंशांवर दोन-तीनशे ओहमपर्यंत उतरतो. त्याची फसवणूक स्कॅनरच्या लाइव्ह डेटात लगेच दिसते. शिवाय काळा धूर, पेट्रोलचा वास, ओले प्लग असे पुरावे मिळतात. इथे प्लग कोरडे आणि तांबूस होते.

पर्ज व्हॉल्व्ह हा बऱ्याचदा विसरला जाणारा उमेदवार. टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात साठते आणि इंजिन गरम झाल्यावर ईसीयू ती पर्ज व्हॉल्व्हमधून इनटेकमध्ये सोडतो. व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर आयडलवर मिश्रण बिघडते. अशी गाडी पेट्रोल भरल्यानंतर जास्त त्रास देते. ताईंना विचारले, तर पेट्रोल भरण्याशी त्रासाचा संबंध नव्हता. जळालेला थोडा धूर परत इनटेकमध्ये सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला तरी आयडल खडबडीत होतो, पण ती मरण्याची रीतही हळूहळूची.

टाकीचा श्वास कोंडला असेल तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंप ओढू शकत नाही. झाकण उघडल्यावर मोठा सुस्कारा ऐकू येतो. हे तपासायला झाकण सैल ठेवून चालवून पाहणे पुरते. आम्ही पाहिले, फरक नाही. पाइपात पेट्रोलची वाफ होऊन अडकणे हा कार्ब्युरेटरच्या काळातला ओळखीचा त्रास. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल दाबाखाली असते, दाबाखाली ते जास्त तापमानाला उकळते, म्हणून तो संशय आम्ही शेवटी ठेवला.

उरले तीन: ईसीयूला वीज देणारा मेन रिले, ज्याच्या आतल्या झाळणीला केसासारखी चीर असेल तर ती तापल्यावर उघडते, ईसीयूची अर्थिंग, आणि क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर. तिन्हींचा परिणाम तोच, स्पार्क आणि पेट्रोल एकाच वेळी बंद.

## पहिला निर्णय: सेन्सर बदलायचा की दोष घडवून आणायचा

इथे एक सोपी वाट होती. क्रँक सेन्सर फार महाग भाग नसतो, तो या तक्रारीत सर्वात जास्त वेळा दोषी ठरतो, आणि बदलायला वेळही थोडा लागतो. बदलून द्या, बघू, असे म्हणणारे चुकीचे लोक नाहीत. आमच्यातल्या एकाचे मतही तेच होते.

आम्ही ती वाट घेतली नाही, आणि त्याचे कारण ही गाडी अधूनमधूनच बंद पडत होती हे होते. अधूनमधून येणाऱ्या दोषात भाग बदलल्यावर गाडी चार दिवस नीट चालली तर दोष गेला की अजून आला नाही, हे कळायला मार्ग नसतो. पंप बदलल्यावर नेमके तेच झाले होते. आणि पुन्हा बंद पडली असती, तर ताई भर वाहतुकीत असत्या. म्हणून ठरवले, दोष आमच्या आवारात, आमच्या डोळ्यांसमोर घडला पाहिजे, आणि तो घडेल तेव्हा सगळी उपकरणे आधीच लावलेली पाहिजेत.

यातला दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा आहे. गाडी बंद पडल्यावर गेज शोधायला, पाने आणायला, स्कॅनर जोडायला धावले तर तेवढ्यात भाग गार होतो आणि संधी हातची जाते.

आम्ही लावले ते असे. इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या फ्युएल रेलला प्रेशर गेज. एका प्लग वायरला स्पार्क टेस्टर. एका इंजेक्टरच्या प्लगमध्ये लावायचा छोटा दिवा हाताशी. ईसीयूच्या कनेक्टरमध्ये क्रँक सेन्सरच्या दोन पिनांना मागच्या बाजूने बारीक प्रोब, वायरचे आवरण न टोचता. स्कॅनरवर फक्त चार गोष्टी: आरपीएम, मॅनिफोल्डमधला (इनटेकच्या नळ्यांतल्या हवेचा) दाब, कूलंटचे तापमान, बॅटरीचे व्होल्टेज. जास्त गोष्टी निवडल्या की स्कॅनर प्रत्येक आकडा उशिरा ताजा करतो, आणि इथे आम्हाला एका सेकंदाच्या आतले पाहायचे होते. रेकॉर्डिंग चालू केले, बॉनेट उपकरणांच्या वायरी दबणार नाहीत इतपत खाली टेकवले आणि गाडी उघड्यावर आयडलवर ठेवली. बंद शेडमध्ये असे इंजिन चालवत बसू नये, धुराने जीव जाऊ शकतो.

बॉनेट खाली टेकवण्यामागे विचार होता. चालत्या गाडीला वारा लागतो. उभ्या गाडीत सायलेन्सरच्या पाइपाची धग तिथल्या तिथे साठते. हायवेवर त्रास नाही आणि रांगताना आहे, याचा हा एक अर्थ होता. दुसरा अर्थ असा की या जातीच्या क्रँक सेन्सरचा सिग्नल वेगावर अवलंबून असतो. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी, समोरून लोखंडी दाते जातात आणि तारेत व्होल्टेज तयार होते. फ्लायव्हील जितके जोरात, तितका सिग्नल मोठा. आयडलला तो लहान आणि सेल्फवर, जेव्हा इंजिन दोन-अडीचशे आरपीएमने फिरते, तेव्हा सगळ्यात लहान.

## गाडी बंद पडली तेव्हा

पंखा बऱ्याच वेळा लागून बंद झाला, आणि मग इंजिन एकदम गप झाले. आचका नाही, खोकला नाही.

प्रेशर गेज ३.८ बारवरच होते. सेल्फ मारला: टेस्टरमध्ये स्पार्क नाही, इंजेक्टरचा दिवा लुकलुकत नाही. ईसीयूच्या पिनांवर, जिथे इंजिन चालू असताना मीटर काही व्होल्ट एसी दाखवत होता, तिथे शून्य. स्कॅनरवर सेल्फ फिरत असतानाही आरपीएम शून्य.

त्याच वेळी स्कॅनर ईसीयूशी बोलत होता, बॅटरी व्होल्टेज दाखवत होता. म्हणजे ईसीयूला वीज मिळत होती. मेन रिलेवरचा संशय तिथे बराचसा गेला. चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरचा दिवाही नेहमीसारखा विझला होता.

खरा पुरावा मात्र रेकॉर्डिंगमध्ये होता. आलेखावर आरपीएमची रेषा ७६० वरून थेट शून्यावर कोसळली होती, मधला एकही आकडा नाही. आणि त्याच क्षणी मॅनिफोल्डचा दाब अजून पस्तीसच्या आसपास किलोपास्कलवर होता. इंजिन खरोखर थांबले असते तर हा दाब बाहेरच्या हवेइतका, शंभराच्या जवळ चढला असता. तो पुढच्या एक-दोन नोंदींमध्ये चढलाही. याचा अर्थ सरळ आहे: आरपीएम शून्य दिसले तेव्हा पिस्टन अजून हवा ओढत होते, इंजिन फिरत होते. ईसीयूला आधी दिसेनासे झाले आणि मग इंजिन बंद पडले. पेट्रोल संपून मेलेल्या इंजिनाची रेषा उतारासारखी दिसते, सातशे, पाचशे, तीनशे अशी.

आता पंपाचे कोडेही सुटले. चावी चालू केली की ईसीयू पंप साधारण दोन सेकंद चालवून पाइपात दाब भरतो आणि थांबवतो. त्यानंतर क्रँक फिरतो आहे असा सिग्नल आला तरच पंप पुन्हा सुरू होतो. अपघातात इंजिन थांबले तर पेट्रोल वाहत राहू नये म्हणून ही सोय आहे. क्रँकचा सिग्नल नसेल तर सेल्फ कितीही मारा, पंप गप्पच राहणार. ताई तिथेच होत्या. त्यांना मागच्या सीटशी बसवून चावी बंद करून पुन्हा लावली.

"आला आवाज?"

"आला. घूं... आणि थांबला."

"आता सेल्फ मारतो, ऐका."

"आता नाही येत."

आधीच्या वर्कशॉपने दुसरा भाग बरोबर ऐकला होता. पहिला ऐकायचा राहून गेला. पंप बंद होता हे निरीक्षण खरे होते, पण तो बंद असण्याचे कारण पंपात नव्हते.

## दुसरा निर्णय: सेन्सर की वायर

सिग्नल ईसीयूपर्यंत येत नाही एवढे ठरले. पण सेन्सरपासून ईसीयूपर्यंत मीटरभराहून लांब वायर, मध्ये एक कनेक्टर. सेन्सर मागवून बसवला आणि दोष वायरमध्ये निघाला, तर ताईंच्या लेखी आम्हीही अंदाजाने भाग बदलणारेच.

वेळ कमी होता, सेन्सर गार होत चालला होता. चावी बंद केली, ईसीयूचा कनेक्टर काढला आणि त्या दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजला. मीटरवर ओएल, म्हणजे वाट तुटलेली. लगेच सेन्सरजवळचा कनेक्टर काढून थेट सेन्सरवर मोजले. तिथेही ओएल. ईसीयूकडे जाणाऱ्या वायरींची सलगता स्वतंत्रपणे पाहिली, ती पूर्ण होती. दोष सेन्सरच्या शरीरात होता.

मीटर तसाच लावून ठेवला. बराच वेळ ओएलच होते. मग एका क्षणी आकडा आला, अकराशेच्या थोडा वर. तिथून तो हळूहळू उतरत गेला.

या अकराशेविषयी दोन शब्द, कारण इथे फसगत होते. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के. पंचवीस अंशांना ८८० असेल तर पंचाण्णव अंशांना तो १,१२० च्या आसपास जायलाच हवा. म्हणजे गरम सेन्सरवर अकराशे दिसले म्हणून सेन्सर खराब ठरत नाही. ती तांब्याची प्रकृती आहे. सेन्सर खराब ठरला तो ओएलमुळे.

सेन्सर काढून बेंचवर घेतला आणि हीट गनने दुरून गरम केला, मीटर लावलेलाच. आठशे ऐंशी, नऊशे वीस, हजार, अकराशे... आणि ओएल. वायर हलवून पाहिली, फरक नाही. हीट गन बाजूला ठेवली, थोड्या वेळाने आकडा परत आला. पुन्हा गरम केला, पुन्हा गेला. प्लास्टिकमध्ये बंद असलेल्या गुंडाळीत कुठेतरी तार किंवा तिचा सांधा तापल्यावर प्रसरण पावून सुटत होता आणि गार झाल्यावर टेकत होता.

काही जण रस्त्यात बंद पडलेल्या गाडीच्या सेन्सरवर पाणी ओततात आणि सुरू झाली की निदान झाले असे मानतात. त्यातला तर्क बरोबर आहे, पण कनेक्टरमध्ये पाणी शिरते आणि तापलेल्या पाइपावर पडते. गार करणारा इलेक्ट्रॉनिक्सचा स्प्रे नेमका सेन्सरवर मारला तर तीच खात्री नुकसान न करता होते.

## सेन्सर का गेला

सेन्सर काढताना त्याच्या बाजूला बेल हाउसिंगवर एक रिकामे बोल्टचे भोक दिसले, आत स्वच्छ आटे, भोवती पातळ पत्र्याची जुनी खूण. या इंजिनात सेन्सर आणि सायलेन्सरचा पाइप यांच्यामध्ये पत्र्याचे एक लहान हीट शील्ड असते. ते नव्हते. ताईंना विचारले तेव्हा कळले की वर्ष-दीड वर्षापूर्वी क्लच प्लेट बदलली होती. त्या कामात गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि ते शील्ड आधी काढावे लागते. ते परत बसवले गेले नाही, असे मानायला जागा आहे. सिद्ध करता येणार नाही. सेन्सरच्या वायरचे आवरणही पाइपाकडच्या बाजूला कडक आणि तपकिरी झाले होते.

मला हे प्रकरण लिहावेसे वाटले ते मुख्यतः या रिकाम्या भोकामुळे. नवा सेन्सर टाकून गाडी दिली असती तर ती सुरू झाली असती, चाललीही असती, आणि तीच धग नव्या सेन्सरवर येत राहिली असती.

## दुरुस्ती आणि खात्री

कंपनीच्या क्रमांकाचा सेन्सर बसवला. बसवण्यापूर्वी तिथल्या भोकातून फ्लायव्हील हाताने फिरवून सगळे दाते पाहिले. तुटलेला किंवा वाकलेला एकही नव्हता. जुन्या सेन्सरच्या टोकाला चुंबकाने ओढलेला लोखंडाचा काळा कीस होता. तो दोषाचे कारण नव्हता, पण नव्याची बसण्याची जागा स्वच्छ करणे गरजेचे होते, कारण सेन्सर आणि दाते यांच्यातले अंतर जेमतेम मिलिमीटरभर असते. हीट शील्ड मागवून बसवले. कडक झालेला वायरचा तुकडा बदलला, त्यावर उष्णता सहन करणारी नळी चढवली आणि वायर पाइपापासून दूर बांधली.

एक किरकोळ काम शिल्लक होते. थ्रॉटल साफ केल्यानंतर ईसीयूला आयडलची नवी जागा शिकवलेली नव्हती, म्हणून आयडल थोडा वर-खाली होत होता. तो या दोषाचा भाग नव्हता, पण ताईंना तो बंद पडण्याची पूर्वसूचना वाटत होता. ती प्रक्रिया करून घेतली.

खात्रीसाठी तीच परीक्षा पुन्हा घेतली: बॉनेट खाली टेकवलेले, उघड्यावर, आयडल, रेकॉर्डिंग चालू. जुना सेन्सर जितक्या वेळात गेला होता त्याच्या दुपटीहून जास्त वेळ ठेवली. मग गरमच बंद करून थोडे थांबलो, कारण इंजिन बंद केल्यावर पहिली काही मिनिटे बॉनेटखालचे तापमान उलट वाढते. तेव्हा सेल्फ मारला. पहिल्या फेऱ्यातच पकडले.

## निकाल

गाडी पुढच्या सर्व्हिसिंगला आली तोपर्यंत एकदाही बंद पडली नव्हती, उन्हाळा मध्ये येऊन गेला तरी. कोड नाहीत. सेन्सरजवळची वायर मऊ आहे, शील्ड जागेवर आहे. बदललेल्या पंपाचा खर्च मात्र ताईंना परत मिळाला नाही.

## वेगळे काय करता आले असते

बॅटरी काढण्याआधी स्कॅनर लावायला हवा होता. त्यात कोड सापडलाच असता असे नाही, पण सापडला असता तर पंपाला हात लावण्याआधी सगळ्यांचे लक्ष योग्य जागी गेले असते. कोणतेही काम सुरू करताना कोड वाचून लिहून ठेवणे हा दोन मिनिटांचा प्रश्न आहे.

पंप बोलत नाही म्हटल्यावर पंपाच्या कनेक्टरवर सेल्फ मारताना वीज येते का, हे पाहायला हवे होते. वीज येते आणि पंप फिरत नाही, तर पंप दोषी. वीजच येत नाही, तर मागे जायचे: रिले, मग ईसीयूचा आदेश, मग तो आदेश ज्यावर अवलंबून आहे तो सिग्नल. साधा टेस्ट लॅम्प पुरला असता.

चालक काय करू शकतो? सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे पाहू शकतो. बऱ्याच गाड्यांत सेल्फवर काटा थोडा उचलतो. तो शून्याला चिकटून राहिला तर क्रँकच्या सिग्नलकडे बोट जाते. सगळ्या गाड्यांत काटा तसा हलत नाही, म्हणून गार असताना सेल्फ मारून आपल्या गाडीत तो हलतो का हे आधी पाहून ठेवावे. बंद पडली तेव्हा किती वेळ चालली होती, उभी होती की चालत होती, टाकीत पेट्रोल किती होते, हे मोबाइलवर लिहून ठेवले तरी गॅरेजवाल्याचा अर्धा दिवस वाचतो. ताईंनी पहिल्या गॅरेजला फक्त "मधेच बंद पडते" एवढे सांगितले होते, कारण त्यांना दुसरे काही विचारलेच गेले नव्हते.

आमच्या बाजूने पाहिले तर क्रम थोडा बदलता आला असता. लाइव्ह डेटाचे रेकॉर्डिंग कुठलाही नट न सोडता करता येते. प्रेशर गेज लावण्यासाठी रेलची जोडणी उघडावी लागते आणि दाबाखालचे पेट्रोल सांभाळावे लागते. पहिल्या फेरीत नुसता स्कॅनर ठेवून गाडी बंद पडू दिली असती, तर आरपीएमच्या रेषेनेच इंधनाची बाजू बाद केली असती आणि गेजची गरज उरली नसती. एकाच फेरीत सगळे मिळावे म्हणून आम्ही दोन्ही लावले. दोष दिवसातून एकदाच येत असेल तर मी आजही दोन्ही लावीन. तासाभरात येणार असेल तर आधी फक्त स्कॅनर.

आणि ही पद्धत दुसऱ्या गाडीवर नेताना एक खबरदारी. इथला सेन्सर दोन वायरींचा, गुंडाळीचा होता, म्हणून ओहम मोजून न्याय करता आला. तीन वायरींचा हॉल सेन्सर असेल तर त्यात इलेक्ट्रॉनिक सर्किट असते, ओहमचा आकडा काही सांगत नाही आणि मीटरचा चुकीचा उपयोग त्याला इजाही करू शकतो. तिथे आधी सेन्सरला पुरवठ्याचे व्होल्टेज आणि अर्थ नीट मिळते का ते पाहायचे, आणि मग सिग्नलच्या वायरवर ऑसिलोस्कोप लावून चौकोनी लहरी येतात का ते. गाडी गरम करून, बंद पडू देऊन.